कोळशाचा हिशेब ठेवणारा कप्तान

कार्ल फॉन म्युलर हे नाव मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. त्याच्या बोटीचं नाव मात्र पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री मद्रासवर तोफा डागून अंधारात निघून गेलेली जर्मन क्रूझर ‘एम्डेन’ शाळेच्या इतिहासात फार तर एका ओळीत भेटते. म्युलर हा तिचा कप्तान. तो १८९१ साली कैसरच्या नौदलात भरती झाला आणि १९१९ साली बाहेर पडला. या अठ्ठावीस वर्षांपैकी जगाने दखल घेतली ती १० सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर १९१४ एवढ्या जेमतेम दोन महिन्यांची. त्याच्यावरची बहुतेक पुस्तकं या दोन महिन्यांतच सुरू होतात आणि तिथेच संपतात. प्रस्तुत चरित्र तसं नाही, म्हणून त्याला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

म्युलरचा जन्म १६ जून १८७३चा, हॅनोव्हरचा. वडील प्रशियाच्या लष्करात कर्नल. मुलाला रिवाजाप्रमाणे प्ल्योनच्या लष्करी शाळेत घातलं. तिथून तो नौदलाकडे वळला. पुढची वीस-बावीस वर्षं चरित्रकाराची परीक्षा पाहणारी आहेत, कारण त्यांत काही घडत नाही. प्रशिक्षणाच्या जहाजावरची उमेदवारी झाली, मग एका छोट्या क्रूझरवर संदेश-अधिकारी म्हणून तो पूर्व आफ्रिकेला गेला. तिथे हिवतापाने गाठलं आणि त्या तापाने त्याला जन्मभर सोडलं नाही. पुढे एका युद्धनौकेवर तोफखान्याचं दुय्यम काम, कैसरचा भाऊ प्रिन्स हाइनरिख याच्या हाताखाली कचेरीचं काम, आणि मग बर्लिनला नौदलाच्या मुख्य कार्यालयात टेबल-खुर्ची. बुजरा, अबोल, चारचौघांत न रमणारा माणूस. त्याच्या वरिष्ठांना तो हुशार वाटे. त्याच्यावर आरत्या ओवाळाव्यात असं मात्र कुणाला वाटलं नसावं.

चरित्रकाराने या वर्षांना दोन पूर्ण प्रकरणं दिली आहेत. काही वाचकांना ती कंटाळवाणी वाटतील. मला ती पुस्तकाचा कणा वाटतात. संदेश कसे वाचायचे, कागदावर कोळसा, पाणी, दारूगोळा यांचा मेळ कसा घालायचा, नियमांच्या पुस्तकात आपल्याला काय करता येतं आणि काय येत नाही, हे सगळं टेबलामागे बसून शिकायचं असतं. पुढे हिंदी महासागरात म्युलरला याच गोष्टी उपयोगी पडल्या. तलवार उपसायचा प्रसंग त्याच्यावर फारसा आलाच नाही.

मे १९१३मध्ये त्याला ‘एम्डेन’ मिळाली. चीनच्या किनाऱ्यावर त्सिंगताव इथे जर्मनीचं नाविक ठाणं होतं, तिथे ती असे. डान्झिगच्या गोदीत बांधलेली, १९०८मध्ये पाण्यात उतरलेली, साडेतीन हजार टनांच्या वरची, १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफांची ही बोट दिसायला देखणी होती, पण तंत्राने तेव्हाच मागे पडत चालली होती: नव्या क्रूझरना टर्बाइन बसू लागली असताना हिची इंजिनं जुन्या दट्ट्यांचीच होती. त्याच वर्षी चीनमध्ये बंड उसळलं तेव्हा म्युलरने यांगत्से नदीत शिरून बंडखोरांच्या किल्ल्यांवर मारा केला आणि त्याबद्दल त्याला प्रशियाच्या राजाचं पदक मिळालं. परक्या देशाच्या नदीत घुसून तिथल्याच माणसांवर तोफा डागायच्या आणि छातीवर पदक लावून घ्यायचं, हा त्या काळातल्या सगळ्याच युरोपीय नौदलांचा शिरस्ता होता. म्युलरच्या सभ्यपणाच्या गोष्टी पुढे बऱ्याच येणार आहेत, म्हणून हे आधी लक्षात असू द्यावं.

ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध पेटलं. पूर्व आशियातल्या जर्मन ताफ्याचा सेनापती माक्सिमिलियन फॉन श्पे याने पॅसिफिकमधल्या पागान बेटाजवळ आपल्या कप्तानांची बैठक घेतली. जपान शत्रूच्या बाजूने उतरणार हे दिसत होतं. आपण दक्षिण अमेरिकेकडे सरकावं असं श्पेचं मत पडलं. हिंदी महासागरात सगळा ताफा नेणं शक्य नव्हतं, कारण एवढ्या बोटींना पुरेल इतका कोळसा तिथे कुठून मिळणार? म्युलरने सुचवलं की सगळा ताफा नाही, तर निदान एक हलकी क्रूझर तरी तिकडे पाठवावी. श्पेने ते मानलं, आणि ज्याने सुचवलं त्यालाच पाठवलं. सोबत ‘मार्कोमानिया’ नावाची एक कोळसावाहू बोट दिली.

इथून पुढची सगळी कथा कोळशाची आहे. ‘एम्डेन’च्या कोठारांत सुमारे ८६० टन कोळसा मावे. सावकाश चालीने गेलं तर तो बरेच दिवस पुरे. पण वेग दुप्पट केला की कोळसा दुप्पट नव्हे, कितीतरी पट जळतो. म्हणजे एकदा जोरात पळ काढावा लागला की पुढच्या आठवड्याचं गणित कोसळलंच. त्या अख्ख्या समुद्रात जर्मनीचं एकही बंदर नव्हतं. डचांचा मुलूख तटस्थ होता, पण डच अधिकारी नियमाला इतके पक्के की त्यांच्या पाण्यात ‘एम्डेन’ दिसली की येऊन निघून जायला सांगत. तेव्हा भर समुद्रात, नाहीतर एखाद्या ओसाड बेटाच्या आडोशाला, दोन बोटी एकमेकींना बांधून पोत्यापोत्याने कोळसा चढवायचा. उष्णकटिबंधातलं ऊन, लाटांवर आपटणाऱ्या बोटी, आणि डेकवर, पॅसेजमध्ये, जिथे जागा सापडेल तिथे रचलेला काळा ढीग. खलाशी आणि अधिकारी सगळेच काळे. बोट पकडली की म्युलरचा पहिला प्रश्न असे तो तिच्या पोटातल्या कोळशाबद्दल. १० सप्टेंबरला पकडलेल्या पहिल्याच बोटीत, ग्रीक ‘पोंटोपोरोस’मध्ये, बंगालचा कोळसा निघाला. तो धूर फार ओकणारा, लपून फिरणाऱ्या बोटीला जवळजवळ शत्रूच. पुढे ‘ब्युरेस्क’ हाती लागली, तिच्यात मात्र वेल्सचा उत्तम कोळसा भरलेला होता. तो ब्रिटिश युद्धनौकांसाठीच चालला होता. म्युलरने तिच्यावर आपली माणसं चढवली आणि तिला बरोबर घेतलं.

पकडलेल्या बोटींचा ताबा घ्यायला बहुधा युलियुस लाउटरबाख जाई. हा हँबर्ग-अमेरिका कंपनीचा व्यापारी कप्तान, राखीव अधिकारी म्हणून ‘एम्डेन’वर आलेला, पूर्वेकडच्या बोटी आणि त्यांचे कप्तान यांची त्याला घरच्यासारखी ओळख. म्युलर जितका मुका तितका हा बोलघेवडा. पहिला अधिकारी हेल्मुट फॉन म्यूके हा तिसऱ्याच घडणीचा, कल्पक आणि धाडसी. ‘एम्डेन’ला तीन धुराडी होती, कॅनव्हासचं चौथं खोटं धुराडं उभारून तिला ब्रिटिश क्रूझरचं सोंग देण्याची युक्ती त्याची. म्युलरला माणसं वापरता येत, हे या दोघांवरून कळतं.

बंगालच्या उपसागरात त्या पंधरवड्यात काय काय सापडलं याची यादी एखाद्या मोठ्या दुकानाच्या वहीसारखी वाटते. ‘इंडस’ कलकत्त्याहून मुंबईला चालली होती, फौज आणि घोडे नेण्यासाठी तिच्यात तबेले बांधलेले. शिवाय साबणाच्या पेट्या, ज्यांची ‘एम्डेन’वर फार दिवसांपासून टंचाई होती. पुढे कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रात साबण कंपनीने जाहिरात दिली, की जर्मनांनी ‘इंडस’चा पाठलाग केला तो आमच्या साबणासाठीच. ‘डिप्लोमॅट’मध्ये चहा होता. ‘क्लॅन मॅथेसन’वर रेल्वेची इंजिनं, मोटारगाड्या आणि शर्यतीचे घोडे होते, बोट बुडवण्यापूर्वी घोड्यांना गोळ्या घालाव्या लागल्या. ‘कबिंगा’वरचा माल अमेरिकी मालकांचा निघाला, तेव्हा नियमाप्रमाणे ती बुडवता येईना, म्युलरने पकडलेल्या बोटींवरची माणसं तिच्यात भरून तिला सोडून दिलं. जाताना त्या कैद्यांनी ‘एम्डेन’चा जयजयकार केला. कलकत्त्याची जहाजवाहतूक काही काळ ठप्प झाली आणि विम्याचे दर चढले.

या बोटी ब्रिटिश म्हणायच्या, पण त्यांच्या भट्ट्यांपुढे आणि डेकवर राबणारे बहुसंख्य लोक हिंदुस्थानी खलाशी असत. आपल्या कोकणातली किती घरं या आगबोटींच्या पगारावर चालत, आणि गोव्याचे किती बटलर आणि आचारी त्यांच्या सलूनमध्ये असत, हे रत्नागिरी किंवा साष्टीतल्या जुन्या लोकांना सांगायला नको. म्युलरच्या आठवणी सांगणाऱ्या युरोपीय पुस्तकांत कप्तान आणि त्यांच्या बायका नावानिशी येतात, हे खलाशी ‘देशी कर्मचारी’ म्हणून ओलांडले जातात. चरित्रकाराने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं आहे; माझ्या मते अजून थोडं थांबून पाहायला हवं होतं.

आता त्या प्रसिद्ध सभ्यपणाबद्दल. दोन महिन्यांत म्युलरने तेवीस व्यापारी बोटी पकडल्या आणि त्यांतल्या सोळा ब्रिटिश बोटी बुडवल्या. ही सत्तर हजार टनांच्या वरची जहाजं. एवढं करूनही या बोटींवरचं एकही माणूस त्याने बुडू दिलं नाही. शत्रूच्या वर्तमानपत्रांनीही त्याची तारीफ केली. ‘समुद्रावरचा शेवटचा सरदार’ वगैरे विशेषणं त्याला तिथूनच चिकटली. मला ही विशेषणं अपुरी वाटतात, कारण त्यांत सगळं श्रेय स्वभावाला जातं. व्यापारी बोट पकडण्याचे कायदे होते: थांबवा, कागद तपासा, माल कुणाचा ते पाहा, माणसं सुरक्षित ठेवा, मग बोटीचं काय ते करा. म्युलर हे कायदे सेनापतीच्या हुकमासारखे पाळी. तटस्थ इटलीची ‘लोरेदानो’ त्याने सोडून दिली, आणि तिच्या कप्तानाने जाऊन इंग्रजांना सावध केलं; ‘एम्डेन’ कुठे आहे याचा सुगावा त्यांना लागला तो तिथून. तरी पुढच्या तटस्थ बोटीलाही त्याने सोडलंच. त्याच युद्धात त्याच्याच देशाच्या पाणबुड्या पुढे न सांगता टॉर्पेडो मारू लागल्या. पाणबुडीत कैदी ठेवायला जागा नसते हे खरं. पण ‘एम्डेन’वरही जागेची रेलचेल नव्हतीच. दर थोड्या दिवसांनी एक सापडलेली बोट रिकामी ठेवायची, तिच्यात माणसं भरायची आणि ती बंदरात पोचल्यावर आपला ठावठिकाणा उघड होणार हे गृहीत धरून पुढचा मार्ग आखायचा, असा हा महागडा सौदा त्याने पुनःपुन्हा केला.

मद्रासची रात्र या चौकटीत नीट बसत नाही. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या हे लक्ष्य लष्करी दृष्टीने योग्यच होतं. त्या पेटल्या आणि सव्वाशेच्या आसपास गोळे झाडून बोट निघून गेली. पण काही गोळे बंदरात आणि शहरात पडले, आणि निदान पाच माणसं मेली. दुसऱ्या दिवसापासून लोक शहर सोडून पळू लागले. लोकांची मनं हादरवणं हा म्युलरचा हेतू होता आणि तो त्याने लपवला नाही. ब्रिटिशांचा समुद्रावरचा दरारा खोटा आहे हे हिंदुस्थानी लोकांना दिसावं, अशी त्याची इच्छा होती. आपल्याकडच्या आठवणींत याच रात्रीला एक गोड चव आहे, ती का हे समजण्यासारखं आहे. पण तिच्याभोवती पुष्कळ दंतकथाही साचल्या. क्रांतिकारक चेंबकरामन पिल्लै ‘एम्डेन’वर होते ही दक्षिणेतली आवडती कथा, ते तेव्हा युरोपात होते आणि त्यांच्या बोटीवर असण्याला आधार नाही. बाबाराव आणि विनायकराव सावरकर त्या वेळी अंदमानात सेल्युलर जेलमध्ये होते. त्यांना सोडवायला ‘एम्डेन’ आली होती अशीही एक कथा आहे, आणि विनायकरावांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये ‘एम्डेन’चा उल्लेख आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस ही बोट खरोखर निकोबारच्या ननकौरीपर्यंत, म्हणजे पोर्ट ब्लेअरपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, आली होती. पण ती आली होती कोळसा भरायला, आणि तिथून गेली पेनांगला.

महाराष्ट्राशी तिचा आणखी एक संबंध आहे, जो मी या पुस्तकात प्रथमच इतक्या नीट मांडलेला पाहिला. १६ ऑक्टोबर १९१४ला मुंबई बंदरातून फौजांचा एक मोठा ताफा निघाला. काही तुकड्या पूर्व आफ्रिकेसाठी, काही इराणच्या आखातासाठी. आखाताकडे जाणाऱ्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. त्याच सुमारास ‘एम्डेन’ मिनिकॉयजवळ बोटी पकडत होती. संरक्षक युद्धनौका पुरेशा जमेपर्यंत ताफा खोळंबला होता. मेसोपोटेमियाच्या चिखलात पुढे मराठा जवानांचे जे हाल झाले, त्या मोहिमेच्या पहिल्या प्रवासावरही या एका बोटीची सावली होती.

पेनांगचा छापा, २८ ऑक्टोबरचा, नौदलांच्या शाळांत शिकवला जातो: पहाटे चौथं धुराडं चढवून बंदरात शिरायचं, नांगरलेल्या रशियन ‘झेमचुग’ला दोन टॉर्पेडो मारायचे, बाहेर पडताना फ्रेंच विनाशिका ‘मुस्के’ बुडवायची. रशियन कप्तान त्या रात्री किनाऱ्यावर होता. ऐंशीच्या वर रशियन खलाशी मेले. ‘मुस्के’चे बुडणारे खलाशी म्युलरने थांबून उचलले आणि दोन दिवसांनी एका ब्रिटिश बोटीवर चढवून तिला सोडून दिलं. या छाप्याबद्दल मला अधिक काही सांगायचं नाही. पुस्तकात तो तपशीलवार आहे. दिएगो गार्सियाची हकिकत मात्र चुकवू नये. तिथल्या मळेवाल्यांना युद्ध सुरू झाल्याचं माहीतच नव्हतं, आणि जर्मनांनी ते सांगायची घाई केली नाही. उलट त्यांची बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली आणि तोवर ‘एम्डेन’चा शेवाळलेला तळ खरवडून घेतला.

९ नोव्हेंबरला बोट गेली आणि म्युलर इंग्रजांच्या कैदेत पडला. त्यानंतरची वर्षं चरित्रात थोडक्यात आली आहेत आणि ती तशीच यायला हवीत. माल्टा, मग १९१६पासून इंग्लंड. सटन बॉनिंग्टनच्या शेतकी महाविद्यालयातल्या छावणीतून सप्टेंबर १९१७मध्ये बावीस अधिकारी भुयार खणून पळाले. म्युलर त्यांचा म्होरक्या होता, पण पकडला गेला. हिवताप बळावला तेव्हा त्याला उपचारासाठी हॉलंडला सोडलं. मार्च १९१८मध्ये ‘पूर ल मेरीत’ हे प्रशियाचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं, म्हणजे बोट गेल्यावर तीन वर्षं चार महिन्यांनी. प्रकृतीमुळे निवृत्त झाला, ब्राउनश्वाइगच्या विधानसभेत एका राष्ट्रवादी पक्षातर्फे निवडून आला, आणि ११ मार्च १९२३ला, पन्नाशी गाठण्याआधीच वारला. म्यूकेने युद्ध चालू असतानाच दोन पुस्तकं लिहून नाव केलं. म्युलरने आठवणी लिहायला साफ नकार दिला. सोबत्यांच्या रक्तावर पैसा कमावल्यासारखं होईल असं त्याला वाटे. म्हणून चरित्रकाराला त्याचा आवाज सापडतो तो फक्त सरकारी अहवालात, आणि अहवालातला म्युलर कोरडा, अचूक आणि स्वतःबद्दल जवळजवळ गप्प आहे.

शेवटी एका मतभेदाबद्दल. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवर तारायंत्राचं ठाणं उद्ध्वस्त करायला म्युलरने म्यूकेबरोबर पन्नास माणसं उतरवली. ठाण्यावरच्या इंग्रजांनी त्यांना आयर्न क्रॉस हे जर्मन पदक मिळाल्याबद्दल अभिनंदनही केलं आणि बिनतारीचा खांब पाडताना टेनिसचं मैदान सांभाळा अशी विनंती केली. पण त्याआधीच त्यांनी मदतीची हाक दिली होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजांचा ताफा जवळूनच चालला होता आणि ‘सिडनी’ ही क्रूझर पन्नास-साठ मैलांवर होती. तिच्या तोफा सहा इंची, ‘एम्डेन’च्या चार इंचीच्या किंचित वर. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा तो कोळसा घेऊन येणाऱ्या ‘ब्युरेस्क’चा असावा असं ‘एम्डेन’वर धरून चालले. लढाईचा निकाल तासाभरातच स्पष्ट झाला. म्युलरने बोट खडकावर चढवली, निशाण उतरवलं नाही म्हणून ‘सिडनी’ने दुपारी पुन्हा मारा केला, एकूण एकशे तीसच्या वर माणसं गेली. त्यांत बोटीवरचे चिनी धोबीही होते.

चरित्रकाराच्या मते ही योजना योग्य होती आणि नशीब फिरलं. इतकी महत्त्वाची तार तोडणं, ‘एम्डेन’ दक्षिणेला गेली असं शत्रूला भासवणं आणि मग एडनच्या बाजूला सरकणं, यात खोट नाही असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. सुटे संच लपवलेले होते, त्यामुळे तार लवकरच पुन्हा बोलू लागली. म्हणजे मिळणार होतं ते फार थोडं. त्याच्यासाठी म्युलरने आपल्या माणसांचा मोठा भाग, त्यातले चांगले तोफची धरून, किनाऱ्यावर सोडला, आणि त्याच सकाळी त्याच जागी कोळशाची बोट बोलावली. दोन महिने त्याने या दोन गोष्टी कधी एकत्र केल्या नव्हत्या: जिथे हल्ला करायचा तिथे कोळसा घ्यायचा नाही. ‘ब्युरेस्क’ त्या दिवशी येणार नसती, तर क्षितिजावरच्या धुराला कोणी मित्र समजलं नसतं. चरित्रकाराची उत्तरं कोकोसच्या प्रकरणात सविस्तर आहेत, त्या सकाळचे बिनतारी संदेशही तिथे क्रमाने दिले आहेत. वाचकांनी माझं मत बाजूला ठेवून ते संदेश आधी वाचावेत.